एमबीए सीईटी पुन्हा देताना : दीडशे मिनिटांचा हिशेब

२०२४ ची एमबीए सीईटी, म्हणजे महाराष्ट्रातल्या एमबीए प्रवेशाची सामायिक परीक्षा, ९, १० आणि ११ मार्चला झाली. मे महिन्यात निकाल लागला तेव्हा मला ९३ च्या आसपास पर्सेंटाइल होते. एवढ्यावर कॅपमधून (राज्याच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून) कॉलेज मिळतं, पण मुंबईतलं जमनालाल बजाज, सिडनहॅम किंवा पुणे विद्यापीठाचं पुम्बा हाताबाहेर राहतं. बजाजला खुल्या गटातून जायचं तर ९९.९ च्या पलीकडे जावं लागतं. नोकरी चालू होती आणि घरून घाई नव्हती, म्हणून त्या वर्षी प्रवेश न घेता २०२५ च्या परीक्षेला बसायचं ठरवलं. त्या वर्षात काय कामाला आलं ते क्रमाने लिहिते. दुसऱ्यांदा बसणाऱ्यांची पंचाईत वेगळी असते. अभ्यासक्रम एकदा झालेला असतो, पुस्तकं सोडवून झालेली असतात, आणि आता नेमकं कुठून धरायचं तेच सुचत नाही.

आधी पेपर डोळ्यांसमोर हवा. २०० प्रश्न, १५० मिनिटं, प्रत्येक प्रश्नाला एक गुण. लॉजिकल रीझनिंग (तर्काचे प्रश्न) ७५, अॅब्स्ट्रॅक्ट रीझनिंग (आकृत्यांचे प्रश्न) २५, क्वांट (गणित) ५० आणि व्हर्बल (इंग्रजी) ५०. चुकलं तर गुण कापत नाहीत, आणि विभागवार वेळेचं बंधन नाही. सगळी दीडशे मिनिटं तुमच्या हातात असतात, कुठे किती घालवायची ते तुम्ही ठरवता. एका प्रश्नाच्या वाट्याला ४५ सेकंद येतात. आयआयएमच्या प्रवेशासाठी असलेल्या कॅटशी तुलना केली की फरक कळतो: २०२४ च्या कॅटमध्ये १२० मिनिटांत ६८ प्रश्न होते आणि प्रत्येक विभागाला ४० मिनिटांचं कुलूप होतं. कॅटमध्ये अवघड प्रश्न फोडता आला पाहिजे. सीईटीत बहुतेक प्रश्न फुटण्यासारखेच असतात, ते ४५ सेकंदांत फुटत नाहीत एवढंच. त्यामुळे नोव्हेंबरपर्यंत कॅट आणि मग 'तोच अभ्यास' घेऊन सीईटी, ही वाट अनेकांना अपुरी पडते. पाया तोच असला तरी हात चालायचा वेग वेगळा लागतो.

पर्सेंटाइलचं गणितही समजून घ्या, नाहीतर उगाच घाबरायला होतं. परीक्षा अनेक सत्रांत होते आणि प्रत्येक सत्राचा पेपर वेगळा असतो, म्हणून तुमची तुलना तुमच्याच सत्रातल्या मुलांशी होते. समजा एका सत्रात २०,००० जण बसले आणि १९,८०० जणांना तुमच्याइतके किंवा त्याहून कमी गुण आहेत, तर तुमचे पर्सेंटाइल ९९. पेपर अवघड आला तर तो सत्रातल्या सगळ्यांनाच अवघड असतो. 'माझं सत्र कठीण होतं' हे दु:ख करण्यात अर्थ नाही. त्याच पेपरात शेजारच्यापेक्षा पाच-सात प्रश्न जास्त बरोबर येणं, सारा फरक एवढाच असतो. वरच्या टोकाला मुलांची दाटी असते, आणि तिथे दोन-चार गुणांनीसुद्धा क्रमांक बराच हलतो.

जूनपासून ऑगस्टपर्यंत नवं काही शिकायला घेतलं नाही. आधी निदान केलं. पर्सेंटाइल पाहून कुठे गळती आहे ते कळत नाही, त्यासाठी पूर्ण लांबीच्या मॉक, म्हणजे सराव परीक्षा, लागतात. सीईटीसाठी खास बनवलेली एक मॉक मालिका घेतली, ती दोन हजारांच्या आत आली. लॉजिकलच्या सरावासाठी बँक पीओच्या परीक्षांची जुनी पुस्तकं पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात जवळपास निम्म्या किमतीत मिळाली. सीईटीतली बैठक व्यवस्था, कोडिंग, इनपुट-आउटपुट आणि असमानता यांचं वळण बँकेच्या पेपरांच्या फार जवळचं आहे, त्यामुळे हा खर्च वसूल होतो. नवा क्लास लावला नाही. दुसऱ्यांदा बसणाऱ्याला क्लासमध्ये बहुतेक वेळ माहीत असलेलंच ऐकावं लागतं, असं माझं मत आहे. ज्यांचं गणित दहावीनंतर सुटलेलं आहे त्यांची गोष्ट निराळी.

प्रत्येक मॉकनंतर एक वही भरायची. या वहीनेच सगळ्यात जास्त काम केलं, म्हणून ती सविस्तर सांगते. रकाने चार: प्रश्न क्रमांक, विषय, लागलेला वेळ आणि खूण. खुणा पाच ठेवल्या. 'क' म्हणजे पद्धतच माहीत नव्हती. 'ख' म्हणजे प्रश्न नीट वाचला नाही, 'नाही' किंवा 'वगळता' हा शब्द निसटला. 'ग' म्हणजे आकडेमोडीत चूक. 'घ' म्हणजे उत्तर बरोबर, पण दीड मिनिटाच्या वर वेळ गेला. 'ङ' म्हणजे सोपा प्रश्न, पण तिथपर्यंत पोचलेच नाही. सगळे साधारण 'क' आणि 'ग'च्या मागे लागतात, कारण ते चुकलेले प्रश्न लाल रंगात समोर दिसतात. 'घ' हिरव्या रंगात लपून बसतो. माझ्या वहीत सर्वांत लांब यादी 'घ'चीच निघाली, आणि 'ङ'ची यादी तिच्यामुळेच तयार झाली होती. चार मिनिटं खाऊन बरोबर आलेल्या एका प्रश्नापायी शेवटी पाच सोपे प्रश्न उघडलेच जात नव्हते. मॉक द्यायला अडीच तास लागत असतील तर वही भरायलाही तेवढाच वेळ धरा. वही न भरता लागोपाठ मॉक देत गेलं की गुण एका जागी अडकून राहतात.

वहीतल्या खुणा मोजून सप्टेंबर ते डिसेंबरचा अभ्यास ठरवला. रोज नोकरीनंतर दोन तास, सुटीच्या दिवशी जास्त. एका आठवड्याला एकच दुखणं घ्यायचं.

सुरुवात अॅब्स्ट्रॅक्टपासून केली, कारण २५ प्रश्न सर्वांत लवकर सुधारतात. इथे पाठांतर नाही, फक्त नियमांची यादी डोक्यात बसवायची असते: फिरणं, आरशातली प्रतिमा, जागा बदलणं, रेषा वाढणं किंवा कमी होणं, रंग भरणं, दोन घटकांची अदलाबदल. पूर्ण आकृतीकडे एकदम पाहू नका. एक घटक उचला आणि फक्त त्याचाच माग काढा. उदाहरण म्हणून एक चौकोन घ्या. त्याचे चार कोपरे आणि चार बाजूंचे मध्य अशी आठ घरं, डाव्या वरच्या कोपऱ्यापासून घड्याळाच्या दिशेने मोजलेली. ठिपका पहिल्या आकृतीत घर १ मध्ये, दुसरीत घर २, तिसरीत ४, चौथीत ७. म्हणजे तो एक, दोन, तीन अशी घरं पुढे सरकतो आहे. पुढची उडी चारची, सातावरून चार पुढे म्हणजे घर ३, उजवा वरचा कोपरा. आतला त्रिकोण कसा फिरतो, बाहेरच्या रेषा किती आहेत, याकडे अजून पाहिलेलंही नाही, तरी ठिपका त्या कोपऱ्यात नसलेले पर्याय बाद झाले. बहुतेक वेळा दुसऱ्या घटकाशी एकच पर्याय उरतो, तिसऱ्याची गरज पडत नाही. अशा पद्धतीने एक प्रश्न ३० ते ३५ सेकंदांत जातो आणि हा विभाग १४ मिनिटांत आटोपतो. वाचलेला वेळ लॉजिकलला द्यायचा.

लॉजिकलचे ७५ प्रश्न म्हणजे पेपराचा कणा. त्यात दोन जाती पाडा. पहिली जात सुट्या प्रश्नांची: असमानता, सिलॉजिझम (दिलेल्या विधानांवरून निष्कर्ष), दिशा, नातेसंबंध, कोडिंग. अ ≥ ब > क = ड ≤ इ असं दिलं असेल, तर अ > ड हे दिसल्याबरोबर 'बरोबर' म्हणता आलं पाहिजे, आणि ब व इ यांचा संबंध सांगता येत नाही हेही, कारण मध्ये चिन्हाची दिशा उलटते. असे प्रश्न २० ते २५ सेकंदांत व्हायला हवेत. दुसरी जात संचांची: आठ माणसं वर्तुळात, काही आत तोंड करून, काही बाहेर, आणि त्यावर पाच प्रश्न. पाच प्रश्नांचे ४५ सेकंदांनी पावणेचार मिनिटं होतात. संच पाच मिनिटांत सुटला तर सव्वा मिनिट उसनं घेतलं, ते असमानता आणि सिलॉजिझममधून फेडायचं. हा जमाखर्च बिनचूक मनात ठेवता आला पाहिजे.

संच सोडवताना दोन गोष्टी घोटवल्या. 'अमुक तमुकच्या शेजारी नाही' अशा नकारात्मक अटी शेवटी वापरायच्या, आधी जागा पक्की करणाऱ्या अटी. आणि जिथे दोन शक्यता निघतात तिथे एक खोडून दुसरी काढत बसायचं नाही. सुरुवातीलाच दोन वर्तुळं शेजारी-शेजारी काढायची, दोन्हींत माहिती भरत जायचं, एक आपोआप कोलमडतं. दोन मिनिटं झाली आणि एकही जागा पक्की नाही, तर पाचही प्रश्नांना एकेक पर्याय टिचकवून, पुनरावलोकनाची खूण करून पुढे जायचं. हे लिहायला सोपं आहे, करताना जीवावर येतं. अर्धा सुटलेला संच टाकून पुढे जाववत नाही. त्याची सवय मॉकमध्येच लावावी लागते, परीक्षेच्या दिवशी ती अंगात येत नाही. स्टेटमेंट-अझम्प्शन, कोर्स ऑफ अॅक्शन यांसारख्या प्रश्नांत मात्र वेगापेक्षा चुकांचा प्रश्न असतो. तिथे उत्तर निवडताना आपलं जगाचं ज्ञान बाजूला ठेवून फक्त दिलेल्या वाक्यात काय गृहीत धरलं आहे ते पाहायचं. चुकलेल्या प्रत्येक प्रश्नाचं स्पष्टीकरण वाचून बरोबर उत्तरामागचं कारण एका ओळीत स्वत: लिहिलं की पंधरवड्यात फरक दिसतो.

क्वांटमध्ये नोकरी करणाऱ्यांना हात गरम ठेवणं अवघड जातं, कारण दिवसभर आकडेमोड यंत्रच करतं आणि परीक्षेत कॅल्क्युलेटर नसतो. रोज सकाळी पंधरा मिनिटं फक्त तोंडी गणित केलं. ३० पर्यंतचे वर्ग, १५ पर्यंतचे घन, आणि टक्क्यांचे अपूर्णांक: १४.२८ म्हणजे सातवा भाग, १६.६६ म्हणजे सहावा, ३७.५ म्हणजे तीन अष्टमांश. १,८४८ चे ३७.५ टक्के विचारले की आठाने भागून २३१, तिपटीने ६९३, झालं. कागदावर गुणाकार मांडलात तर अर्धं मिनिट तिथेच जातं. काळ-काम-वेगात अपूर्णांकांची बेरीज करू नका, लसावि घ्या: एक जण १२ दिवसांत आणि दुसरा १८ दिवसांत काम करतो, तर काम ३६ भागांचं धरा. पहिला रोज ३, दुसरा रोज २, मिळून ५, म्हणजे ७.२ दिवस. अंकमालिकेत आधी फरकांची ओळ काढा. ७, ११, २०, ३६, ६१ यांचे फरक ४, ९, १६, २५ दिसले की पुढचा ३६ मिळवून ९७. दोन ओळी काढूनही काही दिसलं नाही तर सोडा. तक्त्यांवरचे प्रश्न पर्याय पाहून अंदाजाने करा. १५,९३६ पैकी ४,८७२ म्हणजे किती टक्के? ३० टक्के ४,७८१ होतात, उरलेले ९१ म्हणजे अर्ध्या टक्क्याहून जरा जास्त. पर्यायांत ३०.६ च्या जवळ एकच आकडा असेल तर दशांशापर्यंत जाण्याची गरज नाही.

व्हर्बलवर मी फार बोलणार नाही. रोज इंग्रजी वर्तमानपत्राचं संपादकीय आणि आठवड्याला दोन क्लोज टेस्ट (उताऱ्यातल्या रिकाम्या जागा भरणं) पुरेशा झाल्या. मराठी माध्यमातून आलेल्यांना एक सांगते: वाक्यातल्या चुका शोधण्याच्या प्रश्नांत कर्ता-क्रियापद, काळ, शब्दयोगी अव्यय आणि आर्टिकल या चार जागी बहुतेक चूक लपलेली असते. त्याच क्रमाने नजर फिरवा.

डिसेंबरच्या अखेरीस नोंदणी सुरू झाली. शुल्क हजार-बाराशेच्या घरात. अर्जातलं नाव, दहावीच्या गुणपत्रिकेवरचं नाव आणि आधारवरचं नाव अक्षर न् अक्षर जुळतंय का ते अर्ज भरण्याआधी पाहा. आधार दुरुस्तीला वेळ लागतो आणि परीक्षा केंद्रावर ओळखपत्रावरच्या नावावरून खोळंबा होतो. पदवीला खुल्या गटासाठी ५० टक्के आणि महाराष्ट्रातल्या राखीव गटांसाठी ४५ टक्के लागतात. शेवटच्या वर्षाला असणारेही बसू शकतात. विद्यापीठ सीजीपीए देत असेल तर टक्केवारीत रूपांतराचं पत्र आत्ताच मागवून ठेवा.

कागदपत्रंही जानेवारीतच हाती घ्या, निकालाची वाट पाहू नका. अधिवास प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, नॉन-क्रीमीलेयर, ईडब्ल्यूएस यांतलं जे तुम्हाला लागू आहे ते 'आपले सरकार'वर किंवा सेतू केंद्रातून अर्ज करून मिळतं, आणि वैधतेसाठी जिल्हा जात पडताळणी समितीकडे जावं लागतं. जूनमध्ये अकरावीपासून पदव्युत्तरपर्यंत सगळ्यांचीच तिथे गर्दी उसळते. नॉन-क्रीमीलेयरची मुदत तपासा: २०२५-२६ च्या प्रवेशासाठी ते ३१ मार्च २०२६ पर्यंत वैध असावं लागत होतं, म्हणजे ज्यांची मुदत आधीच्या मार्चला संपत होती त्यांना नवं काढावं लागलं. ईडब्ल्यूएसचा दाखला केंद्राच्या नमुन्यात न घेता राज्याच्या नमुन्यात घ्या. अर्जाची पावती तात्पुरती चालते का, हे त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत लिहिलेलं असतं. चालली तरी मूळ प्रमाणपत्र दिलेल्या तारखेला सादर झालं नाही की तुम्हाला खुल्या गटात धरतात.

२५ जानेवारी २०२५ ला सीमॅट ही देशपातळीवरची व्यवस्थापन प्रवेश परीक्षा होती. महाराष्ट्रातल्या अखिल भारतीय जागांसाठी तिचे गुणही चालतात, आणि खऱ्या केंद्रावर, अनोळखी खुर्चीत बसून परीक्षा देण्याची ती चांगली तालीम होते. फक्त तिथे उणे गुण असतात, त्यामुळे सीईटीची टिचकवण्याची सवय तिथे नेऊ नका.

फेब्रुवारी आणि मार्चमध्ये आठवड्याला दोन पूर्ण मॉक आणि मध्ये फक्त वहीतल्या दुरुस्त्या. क्रम पक्का केला: आधी व्हर्बल ३० मिनिटं, मग अॅब्स्ट्रॅक्ट १४, लॉजिकल ६०, क्वांट ४२, आणि चार मिनिटं राखून. वाचन डोकं ताजं असताना उरकायचं, म्हणून व्हर्बल पुढे. ज्यांचं गणित पक्कं आहे त्यांनी क्वांट आधी घ्यावं, पण जो क्रम ठरेल तो शेवटच्या महिन्यात बदलू नये. राखलेली चार मिनिटं कोरे प्रश्न भरण्यासाठी. उणे गुण नसताना एकही प्रश्न कोरा सोडणं म्हणजे मिळू शकणारा गुण टाकून देणं. ज्या प्रश्नात दोन पर्याय बाद करता आले होते तिथे उरलेल्यांतून निवडायचं, बाकी ठिकाणी सरळ एकच अक्षर.

मार्चच्या मध्याला गुण एकदम खाली येतात. माझेही आले, ओळखीच्या बहुतेकांचे येतात. थकव्याने वाचनात चुका वाढतात, वहीत 'ख'ची रांग लागते. तेव्हा मॉक वाढवण्यापेक्षा एक आठवडा एकच मॉक आणि पुरेशी झोप, हा उपाय लागू पडला. मनावरचा ताण खरा असतो, विशेषत: दुसऱ्या वेळेला, कारण घरच्यांनी काही न विचारलं तरी आपणच स्वत:ला विचारत असतो.

परीक्षा १, २ आणि ३ एप्रिल २०२५ ला झाली. प्रवेशपत्र आल्यावर पहिली गोष्ट म्हणजे केंद्राचा पत्ता नकाशात पाहणं. एकाच नावाची दोन कॉलेजं शहराच्या दोन टोकांना असतात. कच्च्या कागदावर सुरुवातीलाच चार रेघा मारून चार विभागांच्या संपण्याच्या वेळा लिहिल्या: १२०, १०६, ४६, ४. पडद्यावरचं घड्याळ उरलेला वेळ दाखवतं, म्हणून वेळाही उरलेल्याच लिहायच्या. पेपरात लॉजिकलचे संच लांब होते. एक संच दोन मिनिटांवर सोडला आणि शेवटपर्यंत त्याच्याकडे परतता आलं नाही, तरी बाकी सगळे प्रश्न उघडून झाले.

त्यानंतरची जवळपास दोन महिन्यांची वाट अवघड जाते. परीक्षा दिलेल्यांच्या ऑनलाइन गटांवर 'तुझे किती बरोबर' हा खेळ चालतो. आठवणीवर मोजलेल्या गुणांवरून पर्सेंटाइलचा अंदाज बांधू नका, वेगवेगळ्या सत्रांचे आकडे एकमेकांना लागूच पडत नाहीत. मेच्या अखेरीस निकाल आला, ९९ च्या वर पोचले.

पुढे कॅप. नोंदणी, कागदपत्रांची छाननी, तात्पुरती गुणवत्ता यादी, हरकती, अंतिम यादी, मग पसंतीक्रम. छाननी ऑनलाइन निवडलीत तर रोज लॉगिन करून पाहा. अस्पष्ट स्कॅनमुळे अर्ज परत येतो आणि दुरुस्तीची मुदत थोडीच असते. तात्पुरत्या यादीत गट, टक्के आणि जन्मतारीख स्वत: तपासा, अंतिम यादीनंतर दुरुस्ती होत नाही. पसंतीक्रम भरताना गेल्या वर्षीचे कटऑफ तुमच्या गटाचे आणि त्याच फेरीचे पाहा, पण त्यांना घाबरून वरची नावं गाळू नका. वरचं नाव मिळालं नाही म्हणून खालच्याची संधी कमी होत नाही. पहिल्या फेरीत पहिली पसंती मिळाली तर ती जागा आपोआप गोठते, पुढच्या फेऱ्यांत बदलता येत नाही, म्हणून पहिल्या क्रमांकावर तेच कॉलेज लिहा जिथे खरोखर जायचं आहे, फी आणि राहण्याचा खर्च बघून. जागा स्वीकारायचे १,००० रुपये ऑनलाइन भरल्यावर पावती लगेच उतरवून ठेवा. कॉलेजात हजर होताना मूळ गुणपत्रिका, कॉलेज सोडल्याचा दाखला आणि साक्षांकित प्रतींचे तीन संच लागले. मूळ दाखला जमा होतो, त्याच्या रंगीत प्रती आधीच काढून घ्या, शिष्यवृत्तीच्या आणि शैक्षणिक कर्जाच्या अर्जाला त्या लागतात.